दहापैकी नऊ मोर

"बदक," स्पीकरमधली बाई म्हणाली.

नंदानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बटणांकडं. तर्जनी हवेत जराशी घुटमळली, दाण्यावर उतरणाऱ्या चिमणीसारखी, आणि एकेक बटण दाबत गेली. ब. द. क. घंटा वाजली. पडद्याच्या कोपऱ्यातल्या मोरानं पिसारा फुलवला.

"पंधरावा!" मी टाळी वाजवली.

दारात उभ्या असलेल्या गिरजा मावशीनं पदरानं मान पुसली. "बाई, दिसभर नुसतं नाचवतायसा त्या मोराला. चार दाणं तरी टाका की!"

"टाकते मावशी. शनिवार होऊ दे, सगळ्यांनाच पेढे."

"शनवार शनवार... बसा की जरा. सकाळधरनं पायाला भिंगरी लागलीया तुमच्या."

खरंच लागली होती. त्या आठवड्यात मी एका जागी बसले अशी फक्त नंदाशेजारच्या त्या लाकडी स्टुलावर. बाकी सगळा वेळ वर्गातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून मोठ्या बाईंच्या खोलीत, तिथून पुन्हा वर्गात. रस्त्यापलीकडच्या शेडमधले यंत्रमाग जसे खडखडत राहायचे, तसं माझ्या आत काहीतरी खडखडत होतं.

ही वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीतली आमची शाळा लहानशी, चार खोल्यांची. पाटीवर तेव्हा 'मतिमंद' असाच शब्द होता आणि तो कुणाला खटकतही नव्हता. त्या वर्षी शाळेला एक संगणक भेट मिळाला. कोल्हापूरच्या एका हौशी इंजिनिअरनं त्यात शुद्धलेखनाचा खेळ घालून दिला. स्पीकरमधून बाईचा आवाज शब्द सांगायचा, मुलानं तो बटणांवर जुळवायचा. बटणांवर आम्ही मराठी अक्षरांच्या चिकट्या लावल्या होत्या, काना-मात्रांच्या पिवळ्या. शब्द बरोबर आला की मोर नाचायचा, चुकला की पाठ फिरवायचा. कुणी मारत नाही, कुणी हसत नाही, मोर फक्त पाठ फिरवतो, हे मुलांना फार आवडलं होतं.

महानंदा हुक्कीरे तेव्हा बारा वर्षांची. आमच्याकडं येऊन तीन वर्षं झाली होती. एका शिबिरात कुणीतरी तिला चार प्रश्न विचारले होते, तिनं एकाचंही उत्तर दिलं नव्हतं, आणि दाखल्यावर शिक्का पडला होता. बोलायची ती दोन-तीनच शब्द, तेही तोंडात गोळी धरल्यासारखे. हाक मारली तर ढिम्म. 'हट्टी आहे,' असं आम्ही सगळ्याजणी म्हणायचो. पण काम मन लावून करायची. समोर बसून दाखवलं की तसंच्या तसं करायची.

बारा पूर्ण झाली की आमच्याकडं दोन वाटा फुटायच्या. ज्यांना अक्षरं जमतील ती वाचनवर्गात, बाकीची कागदी पिशव्या चिकटवायला. नंदाच्या वडिलांनी, मल्लाप्पा हुक्कीरेंनी, मोठ्या बाईंना स्पष्ट सांगितलं होतं.

"वाचाय-लिव्हाय येनार आसंल तर र्‍हाऊ द्या. पर पिशव्याच चिकटवायच्या, तर घरी कांड्या भरंल की. निदान डोळ्यांम्होरं तरी र्‍हाईल."

कांड्या भरणं म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या त्या बोटभर नळ्यांवर सूत गुंडाळणं. आमच्या गावातल्या किती पोरींचं बालपण त्या कांड्यांवर गुंडाळलं गेलंय, त्याला गणती नाही. त्यांतली मीही एक. चौथीपासून नववीपर्यंत शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि कांडी मशीनवर बसायचं. मी त्यातून सुटले. नंदानं त्यात जाऊ नये, एवढंच त्या आठवड्यात मला हवं होतं. शनिवारी विश्वस्त येणार होते, वाचनवर्गाची पाच मुलं निवडणार होते. नंदाचे वडीलही येणार होते.

गुरुवारी आमचा सराव ऐन रंगात होता. बाईनं सांगितलं, "नदी." तेवढ्यात गिरजा मावशीनं दारातून मला बोलावलं, कुणाचे तरी आजोबा डबा घेऊन आले होते. मी उठून गेले. डबा घेतला, दोन शब्द बोलले, वळून पाहिलं.

नंदाची तर्जनी हवेतच होती. पडदा कोरा.

"नदी," बाई दुसऱ्यांदा म्हणाली. "नदी."

नंदा पडद्याकडं बघत नव्हती. दाराकडं, माझ्याकडं बघत होती. मी येऊन स्टुलावर बसले. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि न, द, पिवळी वेलांटी. मोर नाचला.



पुढचा शब्द आला तेव्हा मी मुद्दाम तिच्या मागं जाऊन उभी राहिले. "कमळ." नंदा वळली. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी अलगद पुन्हा पडद्याकडं फिरवलं. ती पुन्हा वळली. मग मी स्टुलावर बसून पदर तोंडावर धरला, खोकला आल्यासारखा. ती पदराकडं बघत राहिली. बाई चारदा 'कमळ' म्हणाली. मोरानं पाठ फिरवली. मी पदर खाली घेतला, आणि तिसऱ्या सेकंदाला कमळ उमललं.

त्या संध्याकाळी घरी आरशासमोर उभी राहिले आणि मनात म्हटलं, बदक. आरशातल्या बाईचे ओठ हलले. स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून, आवाजाचा टिपूसही नाही. ब, द, क.

मग कळलं. ही खोड माझी नव्हतीच, माझ्या आईची होती.

माझी आई चार माग चालवायची. शेडमध्ये चोवीस मागांचा खडखडाट, कानाला कान लावून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून मागावरची माणसं आवाजानं बोलतच नाहीत, ओठांनी बोलतात. पल्याडच्या मागावरच्या बाईला सून आली, कुणाच्या कापडाचा तागा नापास झाला, मालक आज कुणावर डाफरला, सगळं ओठांवर, भुवयांवर. कांडी मशीनवरून उठले की मी सूत गुंडाळलेल्या बीमच्या आडोशाला बसून अभ्यास करायची. आई काम करता करता माझी उजळणी घ्यायची, ओठांनी. आईच्या ओव्यासुद्धा मी ऐकल्या नाहीत. पाहिल्यात.

*धावतो माझा धोटा, उभ्या सुतात आडवा*
*बाई, लेकीचा निरोप कुनी वाऱ्यानं धाडवा*

हे शब्द तिच्या तोंडून कसे ऐकू यायचे, मला माहीत नाही. ते कसे दिसायचे, ते मात्र आजही सांगेन.

तर माझं मन शब्द म्हणायचं आणि माझे ओठ ते बिनआवाजी सांगून टाकायचे. नंदा ते बघून बटणं दाबायची. सोळा मोर, अठरा मोर, सगळे मीच नाचवलेले. पाच वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा एक मूल लिहायला लागलंय म्हणून मी गावभर सांगत सुटले होते, आणि ते मूल माझीच नक्कल करत होतं.

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाईंना सांगायचं ठरवूनच गेले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका कर्णिक बाई, मूळच्या पुण्याच्या. टेबलावर नवा टेबलक्लॉथ अंथरत होत्या.

"बाई, नंदाबद्दल जरा..."

"हो अगं, मी तुला तेच सांगणार होते. कोपरा धर जरा. तिची आई आली होती काल. घरात कांडी मशीन आणलंय म्हणे. जुनं, पण चालू. नवऱ्यानं सांगितलंय, शनिवारी जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून नंदा मशीनवर. रडत होती बिचारी." त्यांनी टेबलक्लॉथवरची सुरकुती तळव्यानं दाबली. "मी तुझं नाव घेऊन सांगितलं, काळजी करू नका. तारळेकर बाईंनी अठरा शब्द बसवून घेतलेत. तू काय सांगत होतीस?"

मी टेबलक्लॉथचा कोपरा धरून उभी होते.

"काही नाही. चिकटी निघालीय एका बटणाची. डिंक हवा होता."

"घे की त्या कपाटातला. आणि उज्ज्वला, बस गं जरा कुठंतरी. तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच धाप लागायला लागलीय."

मी डिंक घेतला. चिकटी कुठलीच निघाली नव्हती. वर्गात येऊन मी सगळ्या बटणांवरून बोट फिरवलं, आणि त्या डिंकाच्या बाटलीचं काय करायचं ते न सुचून ती पर्समध्ये टाकली.

शनिवारी सकाळी अकराला विश्वस्त आले. तिघं होते. पुढं होते ते मगदूम अण्णा, पांढरीशुभ्र टोपी, मोठं पोट, मोठं मन. मल्लाप्पा हुक्कीरे दाराशी उभे. उंच, वाळका माणूस. अंगातला शर्ट धुतलेला, पण केसांत कापसाची तूस तशीच. रात्रपाळी करून थेट आले होते.

"बसा की ओ हुक्कीरे," अण्णा म्हणाले.

"बसलो तर झोपंन सायेब. हुबाच बरा हाय."

सगळे हसले. बाकीच्या मुलांचं झालं, शेवटी नंदाची पाळी आली. मी स्टुलावर बसले, नंदाकडं तोंड करून. पाहुण्यांना वाटलं असेल, बाई मुलीला धीर देतेय.

आजवर माझे ओठ नकळत हलले होते. त्या दिवशी मी ते मुद्दाम हलवले. हे मी वीस वर्षांत फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

"घर," स्पीकर म्हणाला. मी म्हटलं, घ, र. मोर नाचला. "ताट." मोर. "पणती." मोर. अण्णा प्रत्येक मोराला "वा, वा!" म्हणत होते. चौथा, पाचवा, सहावा. सातव्याला नंदाचं बोट घसरलं आणि मोरानं पाठ फिरवली. "असू दे, असू दे," अण्णा म्हणाले, "आमचा नातू तर इंग्रजी शाळेत हाय, त्याचे दहातले सात चुकतात." पुन्हा हशा. आठ, नऊ, दहा. दहापैकी नऊ मोर. टाळ्या पडल्या. मोठ्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

मी मान वर केली.

मल्लाप्पा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचं पडद्याकडं लक्षच नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते, आणि बहुतेक पहिल्या मोरापासूनच बघत होते. आमची नजर भिडली. मध्ये तीन विश्वस्त, टाळ्या, पलीकडच्या शेडचा खडखडाट. त्यांचे ओठ हलले. आवाज नाही.

*बाई, तुमी मागावरच्या?*

मी मान हलवली. हो.

*तुमीच सांगतायसा तिला.*

मी ओठ मिटून घेतले. म्हणायची गरजही नव्हती. मागावरची माणसं गप्प चेहराही वाचतात.

*मग तिला काय बी येत न्हाई.*

आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. आमच्या दोघांच्या मधोमध बसलेली नंदा मान वळवून बापाच्या ओठांकडं बघत होती. टाळ्यांनी फुललेला तिचा चेहरा हळूहळू मिटला. ती माझ्याकडं वळली. मी काहीतरी म्हणेन, ते बोलणं खोडून काढेन, म्हणून बघत राहिली.

त्याच क्षणी लाईट गेली.

मोर विझला. पंखा दोन फेरे घेऊन थांबला. आणि रस्त्यापलीकडचे माग एकदम बंद पडले. इचलकरंजीत लाईट जाते तेव्हा नुसता अंधार होत नाही, गाव मुकं होतं. एरवी अशा वेळी आम्ही मुलांना पटांगणात सोडायचो आणि तिथं एकच कल्ला व्हायचा. त्या दिवशी शनिवारची शाळा लवकर सुटलेली. पटांगण रिकामं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येऊ लागली.

"चल नंदा," मल्लाप्पा म्हणाले. या वेळी आवाजात. थकलेला, खोल आवाज होता. "चल, घरला जाऊ."

नंदा माझ्या तोंडाकडं बघत होती.

"नंदा."

ती तशीच.

"हट्टी आहे हो जरा," मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या. "हाकेला ओ देतच नाही."

"नंदे!" मल्लाप्पा ओरडले. खोली घुमली. कोपऱ्यातल्या विश्वस्तांचा चहा बशीत हिंदकळला. त्यांच्या मुलीची पापणीही हलली नाही.

मल्लाप्पांनी एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत जे उगवत होतं, तेच माझ्याही छातीत उगवत होतं, आणि दोघांनाही ते बोलायचं नव्हतं.

"घरी हाक मारली की ती येते ना?" मी विचारलं.

"घरी?" त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "घरी हाक कोन मारतंय, बाई? खाली माग, वर आमी. खडखडाटात हाक कुनाला ऐकू जानार? बलवायचं तर सुताचा बोळा फेकून मारायचा. बोळा लागला की बघती. बघितलं की सगळं कळतंय तिला. सगळं." ते अडखळले. "अशी गप्पगार जागा... तिला हाक मारायची येळच आली न्हाई कधी."

मी उठले. नंदाच्या मागं गेले. तिच्या कानाशी दोन्ही हात नेले आणि जीव खाऊन टाळी वाजवली. अण्णा दचकून उठले. "आहो बाई!"

नंदा समोरच्या काळ्या पडद्याकडं बघत होती. त्यात तिला माझं हललेलं प्रतिबिंब दिसलं असावं. तिनं वळून पाहिलं, बाई मागं काय करतायत म्हणून.

"ऐकू येत नाही तिला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "अण्णा, तिला ऐकू येत नाही. ती मंद नाही. तिच्या घरात मागांच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. आणि आमच्याकडं... आमच्याकडं कुणी नीट बघितलं नाही."

"पण आत्ता तर नऊ शब्द..."

"ते मी सांगितले. ओठांनी. मला गुरुवारपासून माहीत होतं. तिला शब्द ऐकू गेला नाही, तिनं तो माझ्या तोंडावर बघितला आणि एकेक अक्षर शोधून काढलं."

मोठ्या बाई मटकन खुर्चीत बसल्या. "उज्ज्वला, तू माझ्याकडे डिंक मागितला होतास गं," एवढंच म्हणाल्या. त्या एका वाक्यानं मला जेवढी लाज वाटली, तेवढी नंतरच्या चौकशीच्या पत्रानंही वाटली नाही.

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आणि त्या शांततेत बारीक टक् टक् ऐकू आली.

नंदा बटणं दाबत होती.

पडदा काळा होता, मोर नव्हता, घंटा नव्हती. कुणी शब्द सांगितला नव्हता. माझ्याकडं तिची पाठ होती आणि बापाकडंही. ती एकटीच आपली बटणं शोधत होती, सावकाश, चुकीच्या बटणावरून बोट मागं घेत. मी तिच्या खांद्यावरून वाकले आणि ते बोट वाचायला लागले. क. पिवळा काना. पिवळा अनुस्वार. ड. पिवळी वेलांटी. मग लांब पट्टी, मोकळ्या जागेची. मग न. क. आणि शेवटचा पिवळा काना-मात्रा.



तिच्यासमोर बसून आम्ही सगळे काय काय बोललो होतो! तिचे आईबाप, मोठ्या बाई, मी, गिरजा मावशी. हिला कुठं काय कळतंय, असं म्हणत. सोमवारचं, मशीनचं, पिशव्यांचं. तिनं एकेक ओठ वाचला होता.

"काय लिवलं ओ?" मल्लाप्पांनी विचारलं. ते जवळ आले होते. "मला येवढं बिगीबिगी कळत न्हाई. चौथीच झालीया माझी. काय म्हनती ती?"

"कांडी नको," मी म्हणाले. "कांडी नको, असं म्हणते."

मल्लाप्पा त्या मेलेल्या पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले, तिथं अक्षरं उमटलीच आहेत असं. मग गुडघे टेकून मुलीसमोर बसले, त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या उंचीला येईल असे. ते तिला काय म्हणाले ते मला दिसलं नाही, त्यांची पाठ होती माझ्याकडं. नंदाचा चेहरा तेवढा दिसत होता. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आणि एकदा तिनं मान हलवली.

मग ते उठले.

"सायेब," ते अण्णांना म्हणाले, "हिचा दाखला द्या. कान तपासून आनतो, आन् कानाची शाळा जिथं आसंल तिथं घालतो. मिरजंला आसू दे, न्हाईतर म्हंबईला."

"आणि मशीन आणलंय ते?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

"इकंन की. लोखंडच हाय ते."

मोठ्या बाई दाखल्याची वही शोधायला उठल्या. अण्णा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी त्या स्टुलावर पुन्हा बसले, पण आता मला नंदाला सांगण्यासारखा एकही शब्द उरला नव्हता. तिला माझी वाटही बघायची नव्हती. तिनं दोन्ही हातांच्या बाह्या मागं सारल्या, बटणांवर वाकली आणि पुढचं अक्षर शोधू लागली.